दुसऱ्या गिअरचा आवाज

आमचा शेजारी अनीस कॉम्प्युटरवर विमान उडवायचा गेम लावायचा आणि त्यातल्या धावपट्टीवर स्वतः घडवलेली जीप चालवायचा. विमान उडवताना मी त्याला कधी पाहिलं नाही.

वरवट बकालला त्याचं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान. बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या वर्षी नुकसानीच्या अर्जांसाठी रांग लागायची, सर्व्हर बंद असायचा आणि अनीस मजेत जीप घडवत बसायचा. "सर, या गेमले पंखा समजते, गिअरबॉक्स नाई समजत. थो आपल्यालेच लिहा लागते."

त्यासाठी तो गॅरेजात उघड्या गिअरबॉक्सपुढे उकिडवा बसून चक्रांचे दात मोजायचा. मध्येच कोणी सलाम केला की पुन्हा पहिल्या दातापासून सुरुवात. "गिअर खोटा नाई पाह्यजे," हे त्याचं पालुपद. टेबलाखाली लावलेला पायाचा क्लच नीट दाबला नाही तर त्याची जीप बंद पडायची. रांगेतल्या एका आजोबांनी ती तीनदा बंद पाडली, तेव्हा सर्व्हर सुरू झालेला असूनही अनीसने आधी त्यांना क्लच शिकवला.

"एका जीपसाठी एवढं काऊन रे?" मी विचारलं.

"मोठ्या भाईची हाय."

युसुफभाई त्या जीपमधून कापूस वेचणाऱ्या बायांना शेतावर नेत. कपाशी गेली, वेचणी थांबली, जीप विकली. पुढच्या वर्षी त्यांना लकवा झाला. डावा पाय गेला, जीभ जड झाली. शब्द वाकडे निघतात म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं.

एका दुपारी अनीसने त्यांना दुकानात आणलं. क्लच त्याने हाताच्या बटणावर घेतला होता. युसुफभाईंनी पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला आणि थांबले. कानाला बोट लावून त्यांनी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या गिअरला त्यांची जीप घुरघुरायची, ते यात नव्हतं.

अनीस दुसऱ्याच दिवशी संग्रामपूरला, जीपच्या नव्या मालकाकडे गेला. पण मालकाने गिअरबॉक्सच बदलून टाकला होता.

परत येऊन अनीसने भावापुढे माइक धरला. "भाईजान, तुमीच काढा आवाज."

मी तिथेच होतो. युसुफभाई माझ्याकडे बघून ओशाळले. मी रस्त्याकडे तोंड फिरवलं. मग मागून घशातला लांब, चढत जाणारा आवाज आला.

"अजून एक डाव," अनीस म्हणाला. असं दहा-बारा वेळा झालं. शेवटी युसुफभाई हसले आणि जड जिभेने म्हणाले, "बस कर बे."

ते घरी गेल्यावर मी म्हणालो, "पहिल्यांदाच चांगला आला होता की."

"पहिलाच घेतला, सर." अनीसने पडद्यावरून नजर काढली नाही. "बाकीचे मले आयकाचे होते."