सुताराचा गुडघा

"हे बघ, मी पडलो तरी हात द्यायचा नाही," चर्चच्या दारात सुताराने बायकोला तिसऱ्यांदा बजावलं.

"नाही देत. चला आता, घंटा झाली."

डावा पाय मांडीपासून कापावा लागला त्याला सहा महिने झाले होते. नवा कृत्रिम पाय बसून जेमतेम आठवडा. पण सुताराला पायापेक्षा जास्त सलत होतं ते लोकांचं वागणं. पूर्वी तो दिसला की माणसांना थट्टा सुचायची. आता तो दिसला की सगळे आवाज खाली आणून बोलायचे, जणू शेजारच्या खोलीत कुणी निजलंय. देवाशी तर त्याने बोलणंच टाकलं होतं. आज आला होता तो बायकोच्या हट्टापायी, आणि कुणी 'बिचारा' म्हटलंच तर तडक घरी जायचं ठरवून.

प्रार्थनेला सगळ्यांनी गुडघे टेकले. "तुम्ही बाकावर बसूनच करा," बायको कुजबुजली. एवढं ऐकल्यावर तो कसला बसतोय! त्यानेही खट्कन गुडघे टेकले.

आता या मंडळीचा एक जुना रिवाज होता. एकाचीही प्रार्थना चालू असेपर्यंत बाकीच्यांनी उठायचं नाही. एरवी सगळ्यांनाच उठायची घाई असल्यामुळे तो कुणाला जाचत नसे.

"आमेन," पाळक म्हणाले. सुताराने उठायला जोर लावला. नव्या पायाचा गुडघा हलेना. त्याने खटका दाबला, ओढला, मनातल्या मनात शिव्याही घातल्या. गुडघा ढिम्म. बायकोकडे पाहिलं, तर तिने डोळे गच्च मिटलेले. शब्द म्हणजे शब्द.

पाळकांनी एक डोळा किलकिला केला. सुतार अजून गुडघ्यांवर, मान खाली. त्यांना भरून आलं. इतक्या महिन्यांनी हा प्रभूशी बोलतोय, त्याला मध्येच कसं तोडायचं? त्यांनी पुन्हा डोळे मिटून आजाऱ्यांसाठी प्रार्थना सुरू केली. मग प्रवाशांसाठी. मग परीक्षेला बसणाऱ्यांसाठी. विषय संपत आले तेव्हा चर्चच्या गळक्या छपरासाठीसुद्धा केली.

सुताराच्या मागेच, त्याला लहानपणी गणित शिकवलेल्या शाळाबाई होत्या. त्यांच्या गुडघ्यांत संधिवात होता. "अरे, आटप की थोडक्यात," त्या कण्हल्या. "देवाला सगळं आधीच ठाऊक असतं!"

सुताराच्या पोटातून हसू उसळलं. त्याने ओठ चावला, तसे खांदे गदगदू लागले. "रडतोय हो तो," म्हणत कुणीतरी हुंदका दिला. ऑर्गनवालीने हळवे सूर धरले. मग तर त्याला आवरेचना. 'प्रभू,' तो मनात म्हणाला, 'तूही हसतोयस ना रे हे बघून?' सहा महिन्यांत देवाला मारलेली ही पहिली हाक, आणि तिच्यात तक्रार नव्हती. त्याला फार बरं वाटलं. पाय गेल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं.

"पाळकसाहेब," डोळे पुसत तो मोठ्याने म्हणाला, "आत्मा केव्हाच उठलाय. गुडघा अडकलाय!"

आधी पाळकांनाच हसू फुटलं आणि मागोमाग बाकंच्या बाकं हसू लागली.

"आता तरी हात लावू?" बायकोने विचारलं.

"लाव बाई, लाव!"

सुताराच्या घरच्या कपाटाचे खण नेहमी अडकत, त्यामुळे तिला सराव होता. तिने नेमक्या जागी एक ठोसा हाणला. गुडघा सुटला, सुतार उठला.

पण बाकीच्यांना कुठे उठता येत होतं? सगळ्यांच्या पायांना मुंग्या आलेल्या. पाळक तर नुसते जागच्या जागी डुलत होते. शेवटी सुतारच बाकाबाकाने हात देत फिरला. आधी पाळकांना उठवलं, मग ऐकू कमी येणाऱ्या घड्याळजींना, आणि सगळ्यांत शेवटी शाळाबाईंना.

"हळू ओढ, मेल्या!" बाई करवादल्या. "माझे पाय काही तुझ्यासारखे सुटे नाहीत!"

हसणं थांबलं. बायकोचा चेहरा उतरला. बाईंनी स्वतःच जीभ चावली.

सुतार त्यांचे हात धरून तसाच उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

"बाई," तो म्हणाला, "अजून एक मारा ना टोमणा."