भोईर सरांचं रिव्हॉल्वर

आमच्या शाळेत कुणी नवी चप्पल घालून आलं, की भोईर सर चपलेकडे बघत नाहीत. ते विचारतात, "खोक्यातली पुडी कुठं हाय?"

नव्या चपलांच्या, पर्सच्या खोक्यात 'खाऊ नये' असं छापलेली एक छोटी पांढरी पुडी येते, ती. ओल शोषून घेणारी. आपण ती फेकतो. भोईर सर ती मागून घेतात आणि ऑफिसात माझ्या कपाटातल्या स्टीलच्या डब्यात टाकतात. डब्यात खाली पुड्या, वर टिकल्यांच्या रिंगा. एकदा आमच्या शिपायाने बडीशेप असेल म्हणून डबा उघडला. सर त्याच्यावर ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "खाडीची हवा आत घेतलीस. आता दोन दिवस ती सुकवायची."

मी या शाळेची हेडक्लार्क. शाळा बेलापूरला, खाडीपासून चालत दहा मिनिटांवर. भोईर सर आमचे पीटीचे शिक्षक, मूळचे नवी मुंबईतल्याच पावणे गावचे, निवृत्तीला एक वर्ष राहिलेले. आणि टिकल्या त्यांच्या रिव्हॉल्वरसाठी.

घाबरू नका. हे शर्यत सुरू करायचं रिव्हॉल्वर. नळी पुढून बंद असते, गोळी त्यात बसतच नाही. दिवाळीत मुलं वाजवतात तशी आठ टिकल्यांची प्लास्टिकची रिंग चक्रीत बसवायची आणि चाप ओढायचा. घोडा टिकलीवर आपटतो, आवाज होतो, धूर निघतो. निदान तसं व्हायला हवं. पण आमच्या शाळेने घेतलं ते दुकानातलं सगळ्यात स्वस्त. आठातून दोनदा-तीनदा नुसतं 'खट्' होतं. मुलं त्या 'खट्'वरच सुटतात, सर "मागं या, मागं या" करत धावतात, पालक हसतात.

"खट् म्हंजे शर्यत मेली," हे सरांचं वाक्य. ते त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय, की पगाराची बिलं करतानाही माझ्या डोक्यात येतं.

दुसऱ्या कुणी नवीन रिव्हॉल्वर मागितलं असतं. सर इलाजाला लागले. आधी त्यांचं मत पडलं, की आतली स्प्रिंग नरम आहे. ती बदलली. मग कळलं, की घोड्याचं टोक बोथट आहे. पावण्याच्या कारखान्यांत त्यांच्या एका गाववाल्याचं लेथ मशीन आहे. तिथे सलग तीन रविवार बसून नवं टोक करून आणलं. मग निघालं, की चक्री फिरताना केसभर अलीकडेच थांबते आणि घोडा टिकलीच्या कडेला बसतो. परत पावणे. ते झाल्यावर राहिली फक्त ओल, आणि तिच्यासाठी गावभरच्या चपलांच्या पुड्या. एवढं करून रिव्हॉल्वर आठातून एकदा चुकण्यावर आलं. तिथून मात्र ते हलायला तयार नव्हतं.

एकदा खारघरला एका स्पर्धेला त्यांना स्टार्टर म्हणून बोलावलं होतं. बेलापूरला मेट्रोच्या तपासणीत पिशवीतलं रिव्हॉल्वर मशीनच्या पडद्यावर दिसलं आणि सर थेट पोलीस चौकीत. मला फोन आला. मी शाळेच्या लेटरहेडवर टाइप केलं, 'सदर वस्तू हत्यार नसून शर्यत सुरू करण्याचे साधन आहे', शिक्का मारला आणि रिक्षाने गेले.

हवालदार समजूतदार होते. म्हणाले, "मॅडम, पत्र ठीक आहे. पण वाजवून दाखवू दे एकदा. मागे मोकळी जागा आहे."

सरांनी हात वर केला. खट्. पुन्हा खट्. तिसऱ्यांदाही खट्.

हवालदारांनी पत्र घडी करून मला दिलं. "जा सर, घेऊन जा. याने कुणाचं काय होणार आहे."

दुसरा कुणी सुटलो म्हणून पळाला असता. भोईर सरांचे कान लाल झाले. "थांबा जरा. अजून पाच हायत."

"राहू दे हो सर."

"नाय नाय. तुमचं मत वाईट झालं."

चौथी टिकली अशी कडाडली, की चौकीतले चौघे बाहेर आले. सर समाधानाने म्हणाले, "आता लिवा, चालू हाय." त्यांना तिथून काढायला मला अर्धा तास लागला. तीन 'खट्' कशामुळे, याची कारणमीमांसा रिक्षात चालू होती. पुड्या जुन्या झाल्या होत्या म्हणे.

यंदा वार्षिक क्रीडादिनाच्या पंधरा दिवस आधी कुणा माजी विद्यार्थ्याने शाळेला बॅटरीवरचा भोंगा भेट दिला. बटण दाबलं की वाजतो. चुकत नाही. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणतात, खूश झाल्या. सर म्हणाले, शर्यती रिव्हॉल्वरवरच होतील. बरीच बोलाचाली झाली. शेवटी मोठ्या मॅडमनी अट घातली, "माझ्यासमोर आठच्या आठ वाजवून दाखवा. एक जरी चुकली, तर भोंगा."

सर दहा दिवस तयारीला लागले. मधल्या सुट्टीत डबा खायचे नाहीत, माझ्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरून चक्री पुसत बसायचे. मी म्हटलं, "सर, वर्ष राहिलंय तुमचं. भोंगा तर भोंगा. कशाला टेन्शन घेता?"

"तुमाला नाय कलायचं, मॅडम," म्हणाले आणि फुंकर मारत राहिले.

चाचणीच्या दिवशी सात टिकल्या खणखणीत वाजल्या. आठवी खट्. मोठ्या मॅडमनी भोंग्याचं खोकं सरांच्या हातात दिलं. मला वाटलं, सर हवालदारापाशी अडून बसले तसे आताही बसतील. ते खोकं घेऊन निघून गेले. त्यामुळे मी अस्वस्थ झाले. मला ती सवय नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते ऑफिसात आले. "मॅडम, एक अर्ज टाइप करा. बाकी सगल्या शर्यती भोंग्यावर. फक्त सातवीच्या पोरींची शंभर मीटर रिव्हॉल्वरवर. तेवढी परवानगी पायजे."

"तीच का?"

"तिच्यात प्रतीक्षा हाय."

प्रतीक्षा कोळी. खाडीकाठच्या दिवाळे गावची मुलगी, आई मासे विकते. जन्मापासून ऐकू येत नाही, पण ओठ वाचते आणि पळते तर अशी, की बघत राहावं. आणि मग मला गेल्या वर्षीची शर्यत आठवली. मी शेवटच्या रेषेवर स्टॉपवॉच घेऊन असते. तेव्हा खट् झालं, बाकीच्या सात पोरी आवाजावर सुटल्या आणि ही एकटी जागेवर बसून राहिली, मान वर करून. मैदान हसलं होतं. मलाही वाटलं होतं, हिचं लक्ष नाही.

"लक्ष तिचंच होतं," सर म्हणाले. "मी सांगितलेलं, माज्या हाताकडं बघ, धूर निघाला का सूट. धूर निघालाच नाय. ती बरोबर, सगल्या चूक. पन हसले कुनाला? मी पुन्हा शर्यत लावली, तर ही उठंना. वर्षभर मैदानावर पाय ठेवला नाय तिनं. आता कशीबशी तयार केलीय. भोंग्याला धूर कुठं असतो?"

मी व्यवहारी बाई. म्हटलं, "तिच्यापुरता लाल झेंडा दाखवा. प्रश्न मिटला."

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं चौकीत हवालदाराकडे बघितलं होतं. "झेंडा एकटीचा होनार, मॅडम. सगलं मैदान बघनार, हिच्यासाठी झेंडा आनलाय. धूर सगल्यांचा असतो."

मी अर्ज टाइप केला नाही. अर्ज केला, की 'नाही' म्हणायची सोय होते. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानातून तसंच दुसरं स्वस्त रिव्हॉल्वर आणलं आणि मोठ्या मॅडमच्या टेबलावर दोन्ही ठेवली. "सर दोन्ही हातांत घेतील. एक चुकलं तर दुसरं वाजेल. आणि माझं स्टॉपवॉच धूर बघून सुरू होतं. शंभर मीटरवर आवाज उशिरा पोचतो. भोंग्यावर घेतलेल्या वेळेखाली मी सही करणार नाही."

मोठ्या मॅडमनी चष्मा काढला. "तुमचं काय मधेच, जाधवबाई?"

"माझं काही नाही. सही माझी असते."

"ठीक आहे, रिव्हॉल्वरवर घ्या," म्हणत त्यांनी दोन्ही माझ्याकडे सरकवली.

सरांना मात्र नवीच काळजी. "दोन्ही टिकल्या एकदम मेल्या तर?"

"तर मी रेषेवरून चालत येईन आणि तुमच्या डोक्यात भोंगा घालीन. जा आता."

क्रीडादिनाला भोईर सर दोन्ही हातांत रिव्हॉल्वर घेऊन उभे राहिले, तेव्हा मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या. सिनेमातल्या दरोडेखोराला ढेरी आणि पांढरी पँट दिली, तर तो तसाच दिसेल. सातवीच्या मुली वाकल्या. मी डोळे बारीक करून सरांच्या डोक्यावरच्या हवेकडे बघत होते. एका हातातून काहीच निघालं नाही. दुसऱ्या हातातून पांढरा धूर निघाला, मी बटण दाबलं, आणि मग आवाज आला.

प्रतीक्षा चौथी आली. चौथ्या नंबरला काही मिळत नाही. तिने गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेतला, मैत्रिणीला चिमटा काढला आणि पाणी प्यायला गेली.

निकालाचा कागद भरत होते, तेवढ्यात सर लांबून तरातरा चालत आले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते बाहीने पुसत होते.

"दोन हात वर, वारा समोरून. सगला धूर डोल्यांत गेला," म्हणाले. "मना काय दिसलंच नाय. सगल्यांसंगती निघाली का?"

"आठही डोकी एकदम वर आली," मी सांगितलं.

"एकदम?"

"एकदम."

कितवी आली, ते त्यांनी विचारलं नाही. माझ्या टेबलावरची पाण्याची बाटली घेतली, डोळे धुतले आणि पुढच्या शर्यतीला गेले.