गाय उठती कशी

अन्वरभाई आधी सवाल टाकायचा, मग दुधाला हात लावायचा. आमच्या गावच्या दूध सोसायटीत फॅट काढायचं काम त्याच्याकडं. सकाळी किटल्यांची रांग लागली की नळीत दूध ओढता ओढता तो विचारायचा,

"बोला, उंटाच्या पाठीवरच्या मदारीत काय असतं?"

"पाणी!" अख्खी रांग ओरडली.

"जवाब उद्या. रातभर डोक्याला चारा घाला."

जवाब त्याच दिवशी कधी द्यायचाच न्हाई. दुसऱ्या दिवशी म्हणला, "चरबी असती. म्हणजे फॅट. तुमच्या दुधात नसतं ते."

एकदा कायद्याचा सवाल आला. झाड माझं, फांदी शेजाऱ्याच्या रानात, आंबा तिथं पडला, तर कुणाचा? रांगेत दोघं बांधशेजारी होते. ते तिथंच एकमेकांच्या अंगावर गेले. दुसऱ्या दिवशी "झाडवाल्याचा" असा जवाब निघाला, तर हरलेला गडी आठ दिवस दूध घालायला शेजारच्या गावाला गेला.

मी दुसरीपर्यंत शिकलेला. पण "माहीत न्हाई" हे शब्द मी बापापुढंसुद्धा काढले न्हाईत. अन्वरभाईनं मला विचारलं, "आबा, बीबी का मकबरा कुणी बांधला?" मी म्हणलो, "गवंड्यानं." दुसऱ्या दिवशी तो कुण्या शहजाद्याचं नाव सांगायला लागला. मी विचारलं, "त्या शहजाद्यानं थापी धरली होती का?" अन्वरभाईनं पुढची किटली ओढली. माझं आजबी तेच म्हणणं हाय.

अन्वरभाईची बायको सलमाभाबी होती तवर हे सवाल घरातच चालायचे. ती भाकरी थापत चुकीचा जवाब द्यायची अन् हा खदखदून हसायचा. आमची कारभारीण म्हणती, भाबी मुद्दाम चुकायची. भाबी गेली, एकुलती लेक लांब दिली, अन् सवाल सोसायटीच्या रांगेत आले.

मग पावसानं लागोपाठ दोन साल तोंड फिरवलं. जनावरं लांबच्या चारा छावणीत गेली, दूध तिकडंच जायला लागलं. शेवटी रांगेत पाच किटल्या राहिल्या. चेअरमननं दारावर कागद चिकटवला: उद्यापासून दूध घेणं बंद.

त्या दिवशीबी अन्वरभाईनं विचारलं, "बसलेली गाय उठती, तर आधी पुढचे पाय उचलती का मागचे?"

"पुढचे."

"गप बे, ती काय घोडा हाय? मागचे!"

"थांबा, बघूनच सांगतो."

"कुठं बघतो बे? तुझी गाय तर आजच छावणीत गेली!"

सगळे हसले. मी तोंड उघडलं न्हाई. अर्धं आयुष्य गायीच्या शेपटाला धरून तिला उठवण्यात गेलं, अन् हा मला असलं सोपं विचारतो, याचाच राग आला होता.

"जवाब..." अन्वरभाई म्हणला. त्यानं दारावरच्या कागदाकडं बघितलं. "जवाब उद्या," म्हणला अन् नळ्या धुवायला लागला. माणसं पांगली.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला मी किटली उचलली.

"रिकामी किटली घेऊन कावून चाललाव?" कारभारणीनं विचारलं.

"सवय," मी म्हणलो.

सोसायटीचं दार उघडं होतं. आत अन्वरभाई धुतलेल्या नळ्या परत पुसत बसलेला. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मला बघून तो उठला, टोपी नीट केली, किटली घ्यायला हात पुढं केला. ती हलकी लागली तशी खाली ठेवली.

"बोला आबा. पुढचे का मागचे?"

मागचे. शेंबडं पोर सांगंल. जवाब माझ्या दाताशी आला होता. पण तो दिला असता तर बोलणं तिथंच मिटलं असतं, अन् मग त्याला दाराला कुलूप लावायचंच राहिलं असतं.

"माहीत न्हाई," मी म्हणलो.

 अन्वरभाई खदखदून हसला.

"तुमाला? माहीत न्हाई?"

"न्हाई म्हणलं ना एकदा."

"मग जवाब उद्या," तो म्हणला.

मी किटलीचं झाकण घट्ट बसवलं अन् घराकडं निघालो.