रिकाम्या मिनिटांचे ढोटे

२२ फेब्रुवारी १९८८. ढोट्यांच्या वहीवरून साहेबांसाठी मला यादी टाइप करायची होती: पंधरवड्यात कोणाचं टर्मिनल किती मिनिटं नुसतंच उघडं पडून होतं, याची.

ढोटे आमचे कॉम्प्युटर ऑपरेटर. काचेच्या थंड खोलीत नागपूरच्या मे महिन्यातही मफलर गुंडाळून बसतात. समोरच्या पडद्यावर आम्ही सगळे असतो: मशीनवर कोण बसलंय, त्याची कोणती कामं चालू आहेत, कीबोर्डला शेवटचा हात कधी लावला. मग दार उघडून ओरडतात, “गावंडे, अकरा मिनिटं झाले. झोपले का गा?” किंवा, “कुसुम वं, दोन जागी कशी बसली तू? खालच्या मशीनवरचं नाव काढ पहिले!”

एखादं काम अडकलं तर विचारतात, “गावंडे, तुमचं सकाळपासून चालूच आहे. मारू का?” विचारल्याशिवाय मारत नाहीत. हे ऐकून नव्या ऑडिटरनं खुर्ची मागे सरकवली होती.

एकदा साहेबांचीही पन्नास मिनिटं नोंदवली. साहेबांचं नाव यादीत येत नसतं, हे मला तीनदा सांगावं लागलं. “मशीन देते ते मी लिहितो,” एवढंच.

यंदा यात हसण्यासारखं काही उरलं नाही. ज्याची मिनिटं सर्वांत जास्त, त्याची तालुक्याच्या गावी, सावनेरला बदली. एक जण गेलाच, मार्चअखेर आणखी एकाची. साहेबांच्या हुकमानं दर दहा मिनिटांनी यादी आपोआप छापली जाते, ढोटे ती वहीत उतरवतात.

कुसुम जाणार, हे मी धरून चालले होते. तिची आई रामदासपेठेत दवाखान्यात. दुसरं कोणी नाही, म्हणून कुसुम रोज अकराला पेजेचा डबा घेऊन जाते ती पावणेबाराला येते. तिचं टर्मिनल वरच्या मजल्यावर, एकटंच.

वहीत तिच्यापुढे त्या वेळात रोज तीन मिनिटं, चार मिनिटं. त्याच वेळात ढोट्यांची पंचेचाळीस.

मी वही घेऊन आत गेले. “कुसुम तर तेव्हा दवाखान्यात असते.”

“असन. तिच्या कीबोर्डले कोणाचा तरी हात लागून राहिला.”

“कोणाचा?”

“मशीन हात नाही दाखवत, बाई. मिनिटं दाखवते.”

“आणि स्वतःची पंचेचाळीस कशाला लिहिलीत?”

“झाली होती. नसती लिहिली तर वही खोटी झाली असती.”

“सावनेरला जाल.”

त्यांनी मफलर सारखा केला. “माही बायको गेली तेव्हा मी याच खुर्चीवर होतो. निरोप आला तेव्हा मशीनवर कोण कोण होतं, ते मले अजून पाठ आहे. सावनेरले काय, इथं काय. घरी कुलूपच उघडायचं.”

मी वही घेऊन बाहेर आले. एकही आकडा न बदलता यादी टाइप केली. ढोटे सर्वांत वर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि काचेच्या खोलीत गेले.

“कोणती कळ दाबता?”

ढोट्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. “स्पेस. अन् लगेच खोडायची. पोरीच्या कामात काही राहिलं नाही पाहिजे.”

अकराला कुसुम डबा घेऊन निघाली. मी वर गेले.