आधी तुम्ही ठेवा

आमच्या बँकेच्या कॉल सेंटरमध्ये एक कॉल सहा वर्षांपासून चालू आहे. ग्राहकाचं काम पहिल्याच दिवशी झालं होतं. त्यांना एटीएमचा पिन बदलायचा होता, तो बदलला. पण ग्राहकाने फोन ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही, असा आमचा नियम आहे. आणि ग्राहक दामोदर केळुसकर हे सावंतवाडीच्या एसटी स्थानकात वाहतूक नियंत्रक होते. गाडी सुटल्याशिवाय आपण फलाट सोडायचा नाही, असा त्यांचा नियम आहे.

"ठेवा तुम्ही," ते म्हणतात.

"आधी तुम्ही, काका," चेतन म्हणतो.

चेतन हुबाले माझ्या टीममधला. कॉल घेतला तेव्हा तो नवखा होता. आता तो हेडफोन लावूनच जेवतो, झोपतो, केस कापून घेतो. बाकीचे कॉल वाऱ्याची झुळूक आली तरी तुटतात; हा तुटत नाही. याच्यामुळे टीमची सरासरी बिघडते, म्हणून मी दर तिमाहीला मुख्य कार्यालयाला खुलासा पाठवते. उत्तर ठरलेलं असतं : दोन्ही बाजूंची भाषा सौजन्याची आहे, कॉल चालू ठेवावा.

मग चेतनचं लग्न ठरलं. त्याची होणारी बायको, सायली, एका दुपारी थेट माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, केळुसकर काका माणूस म्हणून चांगलेच आहेत. पण साखरपुड्यात गुरुजींना ते मधेच म्हणाले, 'जरा मोठ्याने.' संसारात तिसरं माणूस मला नको. कॉल सुटला नाही तर लग्न मोडलं समजा."

"स्पीकर कुणी लावला होता?" मी विचारलं.

चेतनने मान खाली घातली.

मार्ग एकच होता. ग्राहकाने नाराज होऊन वरिष्ठांना बोलवा म्हटलं, तर कॉल माझ्याकडे येतो. पण केळुसकर नाराज नव्हते.

"काका, नुसतं म्हणा ना, वरिष्ठांना द्या."

"म्हणजे तुझी तक्रार करू? तुझी बढती अडेल, बाळा."

"माझं लग्न अडलंय!"

"त्याचं वाईट वाटतं. पण खोटी तक्रार मी नोकरीतसुद्धा कुणाची केली नाही."

चेतनने त्यांना दिवसभर होल्डवर ठेवलं. ते म्हणाले, बासरी छान आहे. तो त्यांच्यावर ओरडला. ते म्हणाले, पाणी पी.

शेवटी सायलीने माइक स्वतःकडे ओढला. "काका, चेतन म्हणतो, एसटी कधी वेळेवर सुटतच नाही."

"मी कधी—" चेतन म्हणाला. सायलीने त्याला चिमटा काढला. "हो. म्हणालो."

आमच्या मजल्यावर सगळ्यांनी आपापले ग्राहक होल्डवर टाकले.

"सावंतवाडीहूनसुद्धा?" केळुसकरांनी विचारलं.

चेतनने डोळे मिटले. "सावंतवाडीहून तर नाहीच."

"वरिष्ठांना द्या."

चेतनने हेडफोन काढला. त्याचा कान पांढराफटक पडला होता. सायली त्या कानात काहीतरी पुटपुटली आणि दोघं निघून गेली.

केळुसकरांनी मला बेळगाव, पणजी आणि बांदा या गाड्यांच्या वेळा ऐकवल्या. मी बँकेच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली.

"आपलं समाधान झालं का?"

"झालं. ठेवा तुम्ही."

"आधी तुम्ही."

"छे, छे. तुम्ही."

संध्याकाळी मी हेडफोनसकट घरी आले. कुकर लावला. शिट्टी त्यांना ऐकू गेली.

"काय केलंत?"

"मुगाची खिचडी."

"एकटीसाठी?"

"हो."

"मग पापड भाजा. एकट्या माणसाने पापडाचा कंटाळा करू नये. थांबा, मीही भाजतो."

आम्ही दोघांनी गॅस पेटवला. त्यांचा पापड आधी भाजून झाला. माझा होईपर्यंत ते थांबले.