गेटाच्या बाहेरचं

लातुरात वीज गेली की आमच्या गल्लीत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. माझ्या होस्टेलचा जनरेटर आणि समोरचे मोमीनसाहेब. मी जनरेटरचं बटण दाबते न दाबते तोच ते पांढरा रुमाल घेऊन हजर. रुमाल धुराच्या नळकांड्यासमोर धरायचा, थोडं थांबायचं आणि काळा डाग माझ्यापुढे नाचवायचा.

"भाभी, हे बघा तुमचं उत्सर्जन."

"साहेब, पोरींची मेडिकलची परीक्षा तोंडावर आलीय. अंधारात वाचू का त्यांनी?"

"वाचा की! मी कुठं अडवून राहिलो? मी फक्त मोजून राहिलो."

रुमालाची घडी करून ते निघून जायचे. दुपारी तोच रुमाल त्यांच्या गॅलरीत वाळताना दिसायचा. डाग कधीच पुरता जायचा नाही.

मी तीस मुलींचं होस्टेल चालवते. दूध, कपडे, क्लासच्या वेळा, कोणाला वांग्याची अॅलर्जी, सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं. तेव्हा मोजणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटायला हवा होता. पण मोमीनसाहेबांनी नोकरीत काय मोजलं ते कळलं, तेव्हा मला हसूच आवरेना. तोफगोळे बनवणाऱ्या एका कंपनीत ते पर्यावरण अधिकारी होते. मिरची कांडपाच्या गिरणीत बाळाला झोपवायला बाई ठेवावी, तसली ही नोकरी.

"हसा," ते म्हणाले. "माझा साहेबबी हसतच होता."

कंपनीच्या गोष्टी मात्र ते रंगवून सांगत. दर पावसाळ्यात झाडं लावायचा कार्यक्रम. "खड्डे तेच, रोपं नवी. पाहुणा यायचा, फोटो व्हायचा, शेळ्या खायच्या. अहवालात दरसाल जंगल वाढून राहिलं! त्या हिशोबानं आज कंपनी झाडीत दिसायलाच नको." एकदा गोळ्यांच्या पेटीतला थर्माकोल काढून पुठ्ठा घातला, तर कंपनीला बक्षिसाची ढाल मिळाली. "गोळा तोच, भाभी. पण आता पुठ्ठ्यात. निसर्गाला लई आराम!"

हे सांगताना ते स्वतः हसत नसत. चहा निवत असे, त्यावर साय धरत असे.

एका वर्षी त्यांनी अहवालाला स्वतःचं एक पान जोडलं. गोळा कारखान्यातून गेल्यावर जिथं फुटतो, तिथं किती धूर होतो, किती रान जळतं, विहिरीच्या पाण्यात काय उतरतं. त्यांच्या वरच्या साहेबांनी त्या पानावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "मोमीन, आपला धूर गेटापर्यंत. गेटाच्या बाहेरचं आपल्याकडं नाही."

हे वाक्य मोमीनसाहेबांच्या तोंडात कायमचं बसलं. निवडणुकीत कोण येईल? "गेटाच्या बाहेरचं." गुडघा कसा आहे? "गेटाच्या बाहेरचं." घरी कोण कोण? तेही गेटाच्या बाहेरचं. आमच्या मुलींनी ते लगेच उचललं. बापाचा फोन आला, चाचणीत किती पडले विचारलं, की या खुशाल सांगायच्या, "पप्पा, ते गेटाच्या बाहेरचं."

इथवर सगळं गमतीचं होतं. खरी कटकट भांड्यांची होती.

रोज दिवेलागणीला मोमीनसाहेब आमच्या होस्टेलच्या कठड्यावर, थेट मुलींच्या खिडक्यांखाली, स्टीलच्या ग्लासांची उतरंड रचत. पालथ्यावर पालथा, कमरेएवढी. जरा धक्का लागला की सगळं खडखडत खाली. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमच्या घरातही अशी उतरंड असायची. सगळ्या जिल्ह्यातच असायची. जमीन हलली तर भांडी पडतील, झोपलेले उठतील, बाहेर पळतील. पुढे लोक पत्र्याच्या शेडमधून पक्क्या घरात गेले, भांडी मांडणीवर परत गेली. साहेबांची तेवढी राहिली, असं मी धरून चालले होते.

पण लातूरची जमीन आता गप्प आहे आणि मांजरं गप्प नाहीत. पहाटे मुली वाचायला बसल्या की हटकून उतरंड कोसळायची. सगळ्या किंचाळत जिन्यात. खाली मोमीनसाहेब मान वर करून उभे.

शेवटी अहमदपूरहून एका मुलीचे वडील आले. "ताई, पोरगी इथं शिकायला ठेवली का भांडी ऐकायला? झोप होऊन न्हाई राहिली तिची. या महिन्यात बंद झालं न्हाई तर दुसरीकडं नेतो." दुसरीकडं म्हणजे कुठंही. क्लासवाल्यांच्या या भागात प्रत्येक कोपऱ्यावर होस्टेल आहे. एक गेली की चार जातात.

मी त्याच सकाळी समोर गेले. तक्रारी एकेक करून वाचल्या.

"पाहुण्यांपुढं रुमाल दाखवायचा नाही."

"कबूल."

"पोरींच्या गाड्यांचे धूर तपासायचे नाहीत."

"कबूल."

"उतरंड आजपासून बंद."

त्यांनी समोरच्या कठड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "एवढं सोडून बोला, भाभी."

"का? भूकंप होऊन किती वर्षं झाली, साहेब?"

"ते गेटाच्या..." म्हणाले आणि थांबले. रुमाल काढला, त्याची घडी उलगडली, परत घातली.

"भूकंपाच्या आदल्या वर्षी आमच्या गावाला जमिनीतून आवाज यायचा. बायको घाबरायची. तिनं उशाशी भांड्यांची उतरंड लावली होती. मी सुट्टीवर गेलो, हसलो. म्हटलं, भांड्यांनी का हादरे मोजतात? कंपनीत गोळे फोडून बघतात, तवा जमीन किती हलती ते मोजायचं यंत्र माझ्याच ताब्यात हाय. ते आणतो. माझ्या हातानं भांडी उतरवून फळीवर ठेवली. पोरगी लहान होती, ती एकेक वाटी देत होती मला."

"मग?"

"यंत्र मागितलं. साहेब म्हणला, कंपनीचं यंत्र गेटाच्या बाहेर जात न्हाई."

मी तक्रारींचा कागद मिटला.

"वाचल्या असत्या असं न्हाई म्हणत मी. दगडमातीचं घर होतं. पण जाग्या तर झाल्या असत्या." मग हळूच म्हणाले, "कामावर परत गेलो. साहेबानं इचारलं, मोमीन, घरचे कसे हायत? मी म्हटलं, ते गेटाच्या बाहेरचं, साहेब."

मी घरी आले. अहमदपूरच्या पाहुण्यांना फोन केला. म्हटलं, मुलगी न्यायची तर न्या. त्यांनी नेली. तिच्यामागे आणखी दोघी गेल्या.

संध्याकाळी साहेब ग्लास घेऊन कठड्याशी आले आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मी होस्टेलचं गेट उघडलं. म्हटलं, "तिथं नको. आत, जिन्याखाली लावा. वरपर्यंत आवाज जाईल."

परवा पहाटे मांजरानं पुन्हा पाडली. मुली नेहमीसारख्या धडाधड खाली आल्या, मांजराला शिव्या देत अंगणात उभ्या राहिल्या. साहेब रस्त्यावरून पळत आले, धापा टाकत, एकेकीच्या तोंडाकडे बघत.

"सगळ्या बाहेर आल्या का, भाभी?"

"आल्या, साहेब."

"मग ठीक हाय," म्हणाले, आणि खाली बसून ग्लास गोळा करायला लागले.