पहिल्या वर्षाचा शेवटचा धडा

राधिका नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला गेली आणि रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या तिच्या घरात आजारी पडायची सोय राहिली नाही, आणि धडधाकट राहायचीही. कॉलेजात आधी पलंग शिकवला. चादरीचे कोपरे असे दुमडायचे की एक सुरकुती दिसता कामा नये. मग घरातल्या पलंगावर निजायला बंदी आली, कारण निजलं की सुरकुती पडते. त्यानंतर हात धुणं आलं. आईने, म्हणजे कौमुदीने, कणीक मळायला घ्यायच्या आधी कोपरापर्यंत हात धुतले नाहीत तर मुलगी परात उचलून न्यायची. मग नाडी आणि ताप. पाहुणा चपला काढतो न काढतो तोच त्याच्या काखेत थर्मामीटर जायचा, आणि बिचारा चहा येईपर्यंत हात आवळून बसायचा.

तिच्या बापाला, दिवाकरला, मात्र हे सगळं पथ्यावर पडलं होतं. त्याला कारण होती त्याची कंबर.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा शंकर नगरच्या त्याच्या ऑफिसात पेढे वाटले गेले होते. दिवाकरनेही दोन उचलले होते. पण पाठोपाठ भोपाळहून माणसं आली, खुर्च्या कमी पडल्या, आणि जुन्या बाबूंना एकेक करून जिल्ह्यांत धाडायला सुरुवात झाली. दिवाकरच्या वाट्याला जशपूर आलं. नोकरीला लागल्यापासून ज्याने ब्राह्मणपारा सोडला नाही, घरच्या वरणाशिवाय ज्याचा घास उतरत नाही, तो जशपूरच्या डोंगरात काय करणार? त्याने अर्ज दिला: कंबर धरली आहे, बसवत नाही, चालवत नाही, जिना तर मुळीच चढवत नाही, तरी बदली रद्द व्हावी. आणि रजा टाकून आडवा झाला. खरं वाटावं म्हणून स्कूटरसुद्धा मेव्हण्याकडे, गंगाधरकडे, ठेवून आला. कंबर धरलेल्या माणसाच्या दारात स्कूटर बरी दिसत नाही.

आता घरात पडलेला बाप आणि सरावाला रोगी शोधणारी लेक, दोघांचं छान जमलं. राधिकाने त्याला पलंगावर ठेवूनच चादर बदलली, कुशीवर वळवलं, ओल्या पंच्याने अंग पुसलं, पाठीला तेल-पावडर चोळली. दिवाकरला इतकं सुख बायकोच्या राज्यात मिळालं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी मात्र राधिका कापूस, बँडेज आणि पांढरी चादर घेऊन आली, आणि तिचा चेहरा जरा गंभीर होता.

"बाबा, उद्या प्रॅक्टिकल आहे. आज जरा वेगळं करायचं आहे. तुम्ही फक्त हलू नका."

"कशाचं आहे?"

"मृत्यूनंतरची सेवा."

दिवाकर उठूनच बसला. स्वयंपाकघरातून कौमुदी झारा हातात घेऊन बाहेर आली.

"काय म्हणून राहिली तू? पहिल्याच वर्षी मेलेल्याचं? अगं, आधी जगवायचं तरी शिकवा म्हणावं!"

"आई, सिलॅबसमध्ये आहे ना! माणूस गेला तरी नर्सचं काम संपत नाही. मान राखून सगळं करावं लागतं. मागच्या टेस्टमध्ये मले हसू आलं, तर मॅडमनी वर्गाबाहेर काढलं. उद्या हसले तर फेलच."

"मग उशीवर कर, लोडावर कर. जितेजागते बाबाच सापडले का?"

"लोडाला नाक कुठे आहे?"

कौमुदीने झारा ठेवला. "माझ्या डोळ्यांसमोर हे नको," एवढं म्हणून ती पिशवी घेऊन भाजी आणायला तरातरा निघून गेली आणि रागाच्या भरात दार सताड उघडं टाकून गेली.

दिवाकरला हे पसंत नव्हतं, पण लेकीच्या वर्षाचा प्रश्न होता. तो पडला. राधिकाने त्याचे डोळे मिटवले. हनुवटीखालून बँडेज घेऊन डोक्यावर गच्च गाठ मारली. नाकात कापूस घातला, श्वासापुरती जागा ठेवून. हात पोटावर घेऊन मनगटं बांधली, पायाचे अंगठे एकमेकांना बांधले, आणि गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढली. एकदाही हसली नाही. दिवाकरला वाटलं, पोरगी पास होणार.

"छान बाबा! आता मी कोमट पाणी आणते. हलू नका हं, मी तोंडी परीक्षेचंही म्हणून बघते," असं म्हणत ती मागच्या न्हाणीघरात गेली.

नेमका तेव्हाच हरिदास आला. हरिदास म्हणजे ऑफिसातला मोठा बाबू, मूळचा दिवाकरसारखाच वर्ध्याचा, आणि साहेबांचा खास माणूस. "दिवाकरभाऊ, हो का घरी?" म्हणत तो उघड्या दारातून सरळ आत आला.

दिवाकरने आवाज ओळखला. साहेबांनी कंबर तपासायला माणूस धाडला! कण्हावं तर तोंड बांधलेलं. मग त्याच्या डोक्यात आलं, एवढं बँडेज बघितल्यावर कण्हायची गरजच काय? दुखणं भारी आहे हे आंधळ्यालाही दिसेल. आपण फक्त निपचित पडावं. म्हणून तो निपचित पडला. इतका मन लावून पडला की श्वाससुद्धा रोखून धरला. ऑफिसचं कुठलंही काम त्याने कधी इतकं चोख केलं नव्हतं.

हरिदासच्या हातातली छत्री खाली पडली.

"अरे देवा! दिवाकर! हे काय झालं रे बाप्पा?"

आणि मागून, न्हाणीघरातून, राधिकाचा शांत, एकसुरी आवाज आला, "डॉक्टरांनी मृत्यूची खात्री केली. वेळ नोंदवून घेतली. नातेवाइकांना धीर दिला. अंगावरच्या वस्तू त्यांच्या स्वाधीन केल्या."

"पोरगी पाहा केवढी खंबीर आहे!" हरिदासचा हुंदका फुटला. त्याने दिवाकरच्या बांधलेल्या अंगठ्यांना हात लावून नमस्कार केला. "काय सांगायला आलो होतो रे, आणि काय पाहून राहिलो! थांब, साहेबांना सांगतो. तुझ्या आईला वर्ध्याला फोन लावतो. सगळं करतो मी, भाऊ."

हे ऐकून दिवाकरला पहिल्यांदा उमगलं की आपण आजारी दिसत नसून मेलेले दिसत आहोत. तो ओरडला. बांधलेल्या तोंडातून "हूं" एवढंच निघालं, आणि तेही हरिदासच्या लुनाच्या आवाजात बुडालं.

राधिका पाण्याचं भांडं घेऊन आली तर मृतदेह उड्या मारत दाराकडे चालला होता.

"बाबा! काहून उठले? अजून स्पंज व्हायचा आहे!"

दिवाकरने दातांनी मनगटाची गाठ सोडली असती, पण दात उघडत नव्हते. राधिकाने हात सोडले, पाय सोडले, आणि दिवाकरने हनुवटीचं बँडेज ओढून धरत घडलेलं सांगितलं. तिने ऑफिसला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. हरिदास तिथे पोचून कामाला लागला असणार. घरच्या फोनवरून बाहेरगावी कॉल लागत नव्हता. आणि वर्ध्याला आई! सत्तरी उलटलेली, छातीचं दुखणं असलेली. ही बातमी तिच्या कानावर गेली तर खोटं मरण बाजूला राहील आणि खरं होऊन बसेल. दिवाकरच्या डोक्यात दुसरं काही उरलंच नाही. त्याने राधिकाची लेडीज सायकल काढली आणि पायजम्यावरच टांग मारली.

कौमुदी कोपऱ्यावर भेंडी निवडत होती. नवऱ्याला डोक्यावर गाठ आणि नाकात कापूस घेऊन सायकल हाणताना बघून तिच्या हातून भेंडी सांडली. धापा टाकत मागून आलेल्या राधिकाने सगळं सांगितलं, तेव्हा कौमुदीने कपाळावर हात मारला.

"अगं, मग त्यांनी कशाला जायचं? तू नाही का जाऊ शकत? ते तर कंबरेचे रोगी आहेत ना!"

शहाणपण अगदी खरं होतं, पण ते सुचेपर्यंत कंबरेचा रोगी शंकर नगरच्या चढावर सीटवरून उठून पायडल मारत होता. चौकात एका रिक्षावाल्याने त्याला पाहून हात जोडले. का जोडले हे विचारायला दिवाकर थांबला नाही.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन-दोन पायऱ्या एकदम टाकत तो वर गेला. हॉलमध्ये शोकसभा भरली होती. सगळे उभे होते, माना खाली, डोळे मिटलेले, आणि चंद्राकर साहेब रुमालाने डोळे टिपत बोलत होते.

"हमने उन पर शक किया. मैंने किया. सोचा, कमर का बहाना है. फिर भी कल शाम मैंने उनका आवेदन मंज़ूर कर दिया था. ट्रांसफर कैंसिल. हरिदासजी आज वही ख़ुशख़बरी देने गए थे. सुनने को वे रहे नहीं."

दिवाकर दारातच थिजला. बदली रद्द! ती बातमी सांगायलाच हरिदास आला होता! परत फिरावं, गुपचूप जिना उतरावं, घरी जाऊन आडवं व्हावं आणि राधिकाला फोन करायला सांगावं, असं सगळं त्याच्या मनात एका क्षणात येऊन गेलं. तो एक पाऊल मागे सरकलाही. पण टायपिस्ट लताने शोकसभा संपली का हे बघायला नेमका एक डोळा उघडला होता.

तिने जी किंकाळी फोडली, ती खालच्या चहावाल्यानेही ऐकली. सगळे वळले. कुणी खुर्चीवर चढलं, कुणी खिडकीशी गेलं, आणि हरिदास वर्ध्याचा न लागणारा फोन हातात धरून "राम राम राम" करत टेबलाखाली शिरला.

"मी जिवंत आहे हो!" दिवाकरने हनुवटीचं बँडेज खाली ओढलं. "पोरीचं प्रॅक्टिकल आहे! ती मेलेल्याचा सराव करून राहिली होती! हरिदासभाऊ, आईला फोन लावू नका!"

सगळं कळायला थोडा वेळ लागला. आधी सुटकेचे सुस्कारे निघाले. हरिदासने टेबलाखालून बाहेर येऊन त्याला कडकडून मिठी मारली आणि खरोखरचे डोळे पुसले. मग हळूहळू ऑफिसच्या ध्यानात आलं की माणूस परत आला म्हणजे अर्ध्या दिवसाची सुट्टी गेली. लताने पर्स पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवली. डबे बांधलेले लोक ते सोडू लागले. त्यांच्या नजरा बघून दिवाकरला आपण जिवंत असल्याबद्दल क्षमा मागावीशी वाटली.

चंद्राकर साहेबांनी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि दिवाकरला पायापासून वर न्याहाळलं.

"दिवाकरजी, भगवान की कृपा है. अच्छा, ऊपर कैसे आए? लिफ्ट तो है नहीं."

"चढून... चढ़के, साहब."

"और घर से?"

दिवाकरने एक पाय दुसऱ्यामागे लपवला. पायजम्याच्या पायाला सायकलच्या चेनचं काळं वंगण लागलं होतं, साहेब तिकडेच बघत होते.

"हव, ठीक है," साहेब म्हणाले, आणि त्यांनी लताला टाइपरायटरवर कागद चढवायची खूण केली. "जशपुर का दफ़्तर ज़रा ऊँचाई पर है. सीढ़ियाँ बहुत हैं. अब मुझे चिंता नहीं है."

दिवाकरचा हात पटकन कंबरेवर गेला आणि तोंडातून एक कळवळ्याचं "आई गं" निघालं. पण तोवर सगळे आपापल्या टेबलाशी जाऊन कामाला लागले होते, आणि त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.